काही झाले तर कोणाकडे जायचे? : लसीकरण आणि शासनाचे उत्तरदायित्व

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. माझ्या भावाची मुलगी तेव्हा दीड महिन्याची होती. गावात लसीकरणाचा दिवस होता म्हणून वहिनी तिला घेऊन गेली. गर्दी फार होती. बाळाच्या तोंडात थेंब घातले, मांड्यांत आणि दंडात सुया टोचल्या, कार्डावर काहीतरी लिहिले आणि पुढच्या बाईला हाक मारली. रात्री बाळाला सणकून ताप भरला. एक मांडी सुजून टणक झाली. घरात कोणालाच झोप लागली नाही. ताप का आला, तो किती दिवस राहील, काय करावे, यांतले एक अक्षरही कोणी आम्हांला सांगितलेले नव्हते.

दोन दिवसांनी ताप उतरला. परंतु वहिनीच्या मनातील भीती उतरली नाही. पुढच्या डोसाची तारीख आली तेव्हा तिने जायचे नाकारले. आई म्हणाली, "टोचायला बोलावून नेत्यात, पण काही झालं तर जायचं कुणाकडं?" आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घरात कसलाही कागद आला की तो माझ्या हातात दिला जातो. हा प्रश्नही तसाच माझ्या हातात आला, आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही.

राज्यशास्त्राच्या पुस्तकात 'उत्तरदायी शासनपद्धती' असे एक प्रकरण आहे. मंत्रिमंडळ विधिमंडळाला जबाबदार असते, विधिमंडळ मतदारांना जबाबदार असते, हे मी परीक्षेत लिहून आले होते. पण आईचा प्रश्न त्या प्रकरणात कोठेच नव्हता. म्हणून मी ग्रंथालयातील पुस्तके चाळू लागले. त्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

उत्तरदायित्व म्हणजे काय?

सार्वजनिक आरोग्याच्या बाबतीत शासनाची जबाबदारी तीन प्रकारची असते, असे मला वाटते. पहिली, काम करण्याची. साथ येत असेल तर ती थोपवणे, लस उपलब्ध करणे, ती सर्वांपर्यंत पोचवणे. दुसरी, सांगण्याची. आपण काय करतो आहोत, का करतो आहोत आणि त्यात धोका किती, हे लोकांना त्यांच्या भाषेत आधी सांगणे. तिसरी, जाब देण्याची. काही चुकले तर त्याची चौकशी करणे, निष्कर्ष उघड करणे आणि ज्याचे नुकसान झाले त्याला वाऱ्यावर न सोडणे.

बहुतेक वेळा आपण पहिल्या जबाबदारीबद्दलच बोलतो. किती लोकांना टोचले, याचे आकडे वृत्तपत्रांत येतात. दुसरी आणि तिसरी मात्र मागे राहतात. आणि त्या मागे राहिल्या की पहिलीही लंगडी पडते, हे आपल्याच इतिहासात दिसून येते.

पुणे, १८९७

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. काही महिन्यांतच साथ पुण्यात पोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा मंजूर केला. हा कायदा अगदी छोटा आहे. त्याच्या दुसऱ्या कलमाने सरकारला साथ रोखण्यासाठी जवळजवळ वाटेल ते नियम करण्याचे अधिकार दिले. आणि चौथ्या कलमाने सांगितले की, ह्या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही.

ही दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. एका हाताने अधिकार दिला आणि दुसऱ्या हाताने जाब विचारण्याचा दरवाजा लावून घेतला.

पुण्यात रँडसाहेबांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घराघरांत शिरून झडती घेऊ लागल्या. रोगी इस्पितळात, घरची माणसे विलगीकरणाच्या छावणीत, सामान जाळायचे, जमीन उकरायची, असा क्रम होता. देवघर आणि स्वयंपाकघरही सुटले नाही. सरकारचा हेतू साथ थांबवण्याचाच होता, हे मान्य केले पाहिजे. माणसाला माणसापासून वेगळे करणे हाच त्या काळी ठाऊक असलेला उपाय होता. परंतु प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने त्यानंतर वर्षभरानेच, १८९८ साली दाखवून दिले. म्हणजे ज्या ज्ञानाच्या जोरावर सरकार लोकांची घरे उकरत होते ते ज्ञानच अपुरे होते. जो जाब द्यायला बांधलेला नसतो त्याला आपण चुकत असू अशी शंकाही येत नाही.

तक्रार करणाऱ्यांचे काय झाले? गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथे सैनिकांच्या अत्याचारांचा जाहीर आरोप केला. मायदेशी परतल्यावर त्यांच्याकडे पुरावा मागण्यात आला. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे शक्य नव्हते. अखेर गोखल्यांनाच जाहीर माफी मागावी लागली. दरम्यान २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडसाहेबांवर गोळी झाडली. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना 'केसरी'तील लिखाणाबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. जाब विचारण्याचे सनदशीर मार्ग बंद झाले की काय होते, ते त्या एका वर्षात पुण्याने पाहिले.

ह्याच काळात ह्याच शहरात दुसरेही एक चित्र होते. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या, आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. रोग तोच होता. पण ज्या हाताने माणसाला उचलून नेले त्या हाताविषयी लोकांच्या मनात भीती नव्हती.

मुलकोवालची बाटली

पुण्यात झडत्या सुरू होण्याच्या सुमारास मुंबईत प्लेगवर लस तयार होत होती. वाल्देमार हाफकिन हे ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत काम करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा आली. तेथून लाखो लोकांसाठी लस जाऊ लागली.

आता परळच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या एका बाटलीची हकीकत. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल ह्या खेड्यात, जे आज पाकिस्तानात आहे, १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यासाठी पाच बाटल्या वापरल्या होत्या. त्यांपैकी एका बाटलीतील लस ज्या १९ जणांना टोचली होती, ते सर्व धनुर्वाताने मरण पावले. बाकी बाटल्यांतील लस घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही.

सरकारने चौकशी समिती नेमली. बाटली परळहून निघण्यापूर्वीच दूषित झाली असावी, असा तिचा निष्कर्ष निघाला. लस तयार करण्याच्या पद्धतीत हाफकिन यांनी बदल केला होता, तो त्यांच्याविरुद्ध गेला. त्यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. परंतु एक गोष्ट चौकशीच्या कागदपत्रांतच होती. मुलकोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज शाळकरी मुलालाही माहीत असते. ही कागदपत्रे प्रसिद्ध व्हायला चार वर्षे लागली. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांच्यावरील आरोप टिकत नाही, असे जाहीरपणे मांडले. तेव्हा कोठे सरकारने त्यांना पुन्हा नोकरीत घेतले. तेही परळला नव्हे, कलकत्त्याला. परळच्या संस्थेला त्यांचे नाव १९२५ साली मिळाले.

मला ह्या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. पहिली अशी की, दोषी माणूस शोधणे म्हणजे उत्तरदायित्व नव्हे. हाफकिन यांना काढून टाकल्याने सरकारने काहीतरी केले असे दिसले, परंतु खरे काय घडले ते चार वर्षे दडून राहिले. दुसरी गोष्ट अशी की, उघडपणाचा फायदा दोन्ही बाजूंना होतो. कागदपत्रे लगेच बाहेर आली असती तर शास्त्रज्ञाला न्याय मिळाला असता आणि लोकांनाही कळले असते की लस वाईट नव्हती, एक चिमटा मातीत पडला होता. सत्य दडवले की लोक संशयाने त्याची जागा भरून काढतात.

स्वातंत्र्यानंतर

आता कोणी म्हणेल की, हे सारे परक्यांच्या राज्यातले. आज राज्य आपले आहे. खरे आहे. आणि आपल्या राज्याने पहिली जबाबदारी, म्हणजे काम करण्याची, मोठ्या प्रमाणावर पार पाडली आहे.

माझ्या आजीच्या दंडावर देवी काढल्याचा गोल डाग आहे. राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. देवी काढणारे गावात आले की पोरांना कणगीत लपवीत असत, आणि आजीलाही असेच लपवले होते, असे ती हसत सांगते. तिच्या धाकट्या भावाला देवी आल्या आणि त्याचा एक डोळा गेला, हे मात्र ती हसत सांगत नाही. १९७७ साली भारत देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. पोलिओचा देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. आमच्या वर्गात पोलिओने पाय गेलेली एकही मुलगी नाही. हे आपोआप घडलेले नाही. दारोदार फिरणाऱ्या परिचारिका आणि आशाताईंचे ते श्रम आहेत. म्हणून लसच नको असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी हा लेख लिहीत नाही, हे स्पष्ट केलेले बरे.

कायद्याच्या बाजूनेही आपण पुढे आलो आहोत. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग होय. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका माणसाला एकामागून एक रुग्णालयांनी परत पाठवले होते. न्यायालयाने त्याला भरपाई देवविली, आणि पैसे नाहीत ही सबब अशा बाबतीत चालणार नाही, असेही बजावले.

करोनाच्या साथीत मी शाळेत होते. त्या वेळी महाराष्ट्रात जो कायदा लागू केला गेला तो १८९७ चाच होता. एकशे तेवीस वर्षांनीही तो कामास आला, आणि त्याचे चौथे कलमही त्याच्याबरोबर आले. परंतु ह्या वेळी जाब विचारण्याचे दरवाजे बंद नव्हते. मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी मोफत लस पुरवण्याची जबाबदारी केंद्राने घेतली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे रोजी हे धोरण सकृद्दर्शनी मनमानी असल्याचे म्हटले आणि खरेदीचा हिशेब मागितला. ७ जूनला पंतप्रधानांनी धोरण बदलल्याचे जाहीर केले आणि २१ जूनपासून सर्व प्रौढांना केंद्राकडून मोफत लस मिळू लागली. प्रश्न विचारल्याने लसीकरण अडत नाही, उलट ते अधिक लोकांपर्यंत पोचते, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही.

पुढे २ मे २०२२ च्या निकालात त्याच न्यायालयाने सांगितले की, कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही. समाजाच्या हितासाठी प्रमाणशीर निर्बंध घालता येतील. आणि लसीनंतर झालेल्या त्रासांच्या नोंदी, व्यक्तीची ओळख उघड न करता, लोकांना पाहता आल्या पाहिजेत. पुण्यात १८९७ साली जे मागता आले नाही, ते येथे न्यायालयाने देवविले.

जेथे गाडे अडते

असे असूनही तिसऱ्या जबाबदारीपाशी गाडे अडते. लसीने क्वचित कोणाला गंभीर इजा झाली तर काय? लाखोंत एखाद्याच्या वाट्याला ती येते. बाकी सगळ्यांना संरक्षण मिळते आणि त्याची किंमत एक घर मोजते. ब्रिटनने १९७९ साली कायदा करून अशा व्यक्तीला, चूक कोणाची हे सिद्ध करायला न लावता, ठराविक रक्कम देण्याची सोय केली. आपल्याकडे करोना लसीनंतर दगावलेल्या मुलींच्या पालकांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. तेव्हा २०२२ साली केंद्र सरकारने म्हणणे मांडले की, लस घेणे ऐच्छिक होते, म्हणून शासन भरपाईस जबाबदार नाही, आणि पालकांनी दिवाणी न्यायालयात जावे.

हा युक्तिवाद मला पटला नाही. 'ऐच्छिक' म्हणायचे असेल तर आधी धोके समजावून सांगितले पाहिजेत. ज्याला काही सांगितलेच नाही त्याची इच्छा ती कसली? आणि दिवाणी दावा लावायचा म्हणजे वकील, तारखा आणि पैसा. माझ्या आईला तालुक्याला जायचे तरी मजुरीचा एक दिवस बुडतो.

दुसरीही एक अडचण आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले वाचली. तेथील कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु दोन्ही बाटल्या जवळ जवळ का ठेवल्या गेल्या, प्रशिक्षण कोणी द्यायचे होते, देखरेख कोणाची होती, हे प्रश्न शिडीच्या वरच्या पायऱ्यांकडे जातात. मुलकोवालला दोष सगळ्यांत वरच्या शास्त्रज्ञावर ढकलला गेला, आता तो खालच्या माणसावर येतो. दोन्ही वेळा एक नाव सापडले की चौकशी संपली, असे होऊ नये.

अर्थात नागरिकांवरही जबाबदारी आहे. ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवून मुलाला लसीपासून दूर ठेवणारा केवळ आपल्या मुलाला धोक्यात घालतो असे नाही, शेजारच्या तान्ह्या बाळालाही घालतो. पण सामान्य माणसाने अफवेवर विश्वास ठेवू नये असे वाटत असेल, तर त्याच्यापर्यंत खरी माहिती अफवेच्या आधी पोचली पाहिजे.

आणि शेवटी

हे सारे वाचून झाल्यावर मी वहिनीला घेऊन आशाताईंच्या घरी गेले. पुस्तकात मला कळले होते की लस दिल्यावर प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या असा नियमच आहे: कोणती लस दिली आणि तिने कोणता रोग टळतो, किरकोळ त्रास काय होऊ शकतो व तेव्हा काय करायचे, पुढे कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवायचे. शिवाय टोचल्यावर अर्धा तास तेथेच थांबवून घ्यायचे. मी त्यांना हे म्हणून दाखवले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, खरं आहे तुझं. त्या दिवशी सिस्टर एकटी आणि पोरं चाळीस. बोलायला सवड कुठली?"

मग त्यांनी सवडीने वहिनीला समजावले. ताप येणे, सूज येणे हे बहुधा आपोआप बरे होते. पण ताप उतरलाच नाही, बाळाला झटका आला किंवा ते सारखे रडत राहिले तर लगेच दवाखान्यात यायचे आणि मला कळवायचे, मी ते वर कळवीन, त्याची नोंद होते, जिल्ह्याची समिती त्याची चौकशी करते. आईच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या एका वाक्यात होते. ते अस्तित्वात होते, फक्त आमच्या दारापर्यंत आलेले नव्हते. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी वहिनी बाळाला घेऊन गेली. डोस महिनाभर उशिरा झाला, पण झाला.

उरलेले निम्मे उत्तर मात्र आशाताईंपाशी नाही. एका परिचारिकेपुढे चाळीस मुले का असावीत, चौकशीचा निष्कर्ष त्या घराला कोणी वाचून दाखवायचा, आणि नुकसान झालेल्या घराचा भार कोणी उचलायचा, हे त्यांना विचारून उपयोग नाही. हे प्रश्न आपण ज्यांना मते देतो त्यांना विचारायचे आहेत. यंदा मी प्रथमच ग्रामसभेला जाणार आहे. तेथे विचारायचा पहिला प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आहे. तो माझा नाही, माझ्या आईचा आहे.